मध्येच तुटलेली बेकारी सरकारी आकड्यात कुठे जाते?

तापीकाठ – १९ जून २०२५, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात केंद्राने पहिल्यांदाच बेरोजगारीचा मासिक आकडा काढला. १५ वर्षे व त्यावरच्या लोकांत एप्रिलमध्ये ५.१ टक्के. आता मे महिन्याचा आलाय, ५.६. आमच्या शहादा-तळोद्याच्या मजूर गटावर दोन्ही फिरले आणि लगेच दोन प्रश्न आले. पहिला: मग या पाच टक्के लोकांना बेकारी भत्ता मिळतो का? दुसरा एका रोहयो मजुराचा: "माझं मस्टर (कामाचा हजेरीपट) आठवडाभर चालतं, मग पंधरा दिवस काही नाही, मध्ये दोन दिवस कुणाच्या शेतात, मग परत मागणी. मी या पाचात धरलो जातो का?"

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. तो आकडा घरोघरी जाऊन केलेल्या पीएलएफएस, म्हणजे केंद्राच्या श्रमबल पाहणीतून येतो. भत्ता कुणी मागितला, कुणाला मिळाला याच्याशी त्याचा काही संबंध नाही. भत्त्याचा हिशोब वेगळ्या दप्तरात असतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी हा धागा काढतेय. जो वर्षभर सलग रिकामा आहे तो कुठल्याही पद्धतीत सापडतो. जो सलग कामावर आहे त्याचाही प्रश्न नाही. अडचण तुटक बेकारीची आहे, आणि आपल्या खानदेशात बहुतेकांची बेकारी तुटकच असते. पेरणी, निंदणी, मग कापूस वेचणी, जिनिंगचा हंगाम, केळीची कापणी, दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोड, होळीला परत, मग उन्हाळ्यात रोहयो. या प्रत्येक दोन कामांच्या मधे एक फट आहे. ती फट नवी बेकारी धरायची, जुनीच पुढे चालू धरायची, की धरायचीच नाही? हे ठरवणारा नियम कुठे ना कुठे लिहिलेला असतो आणि आकडा त्या नियमाने हलतो.

माझं मत आधीच सांगते. फट कशी मोजायची यावर वाद होऊ शकतो, पण ती नोंदवली गेलीच पाहिजे. आपल्याकडे भत्त्याच्या बाबतीत ती नोंदवलीच जात नाही आणि माझी तक्रार तिथे आहे. नाना, पाहणीबद्दल तुम्ही लिहा ना.

---

धुळेकर नाना – १९ जून, रात्री १०.४५

ताई, चांगला विषय काढलात. पाहणीपुरतं लिहितो.

हा प्रश्न सरकारला १९७० मध्येच कळला होता. बेरोजगारीच्या अंदाजांसाठी नेमलेल्या दांतवाला समितीने तेव्हा स्पष्ट सांगितलं की आपल्याकडे बहुतेक माणसं स्वतःच्या शेतात, मजुरीत, हंगामात अशी मिसळून काम करतात, त्यामुळे एकाच आकड्यात बेकारी बसवणं चूक आहे. त्यातून राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९७२-७३ च्या सत्ताविसाव्या फेरीपासून तीन मोजपट्ट्या आल्या.

नेहमीची स्थिती: मागच्या ३६५ दिवसांत जास्त काळ माणूस काय करत होता ते बघायचं. त्यात पुन्हा ३० दिवस किंवा जास्त कुठलंही दुय्यम काम केलं असेल तर तो रोजगारातच धरायचा. साप्ताहिक स्थिती: मागच्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी निदान एक तास काम केलं की रोजगारात. एक तासही नाही आणि काम शोधत होता किंवा कामाला तयार होता, तर बेकार. दैनिक स्थिती: प्रत्येक दिवसाचे दोन अर्धे भाग करायचे. चार तास किंवा जास्त काम म्हणजे पूर्ण दिवस, एक ते चार तास म्हणजे अर्धा दिवस. इथे माणसं मोजत नाहीत, माणसांचे दिवस मोजतात.

आता तुमच्या मजुराला बसवून बघा. सोमवारी दोन तास ट्रॅक्टर भरला, बाकी आठवडा चौकात उभा. साप्ताहिक पट्टीवर तो पूर्ण रोजगारात. दैनिक पट्टीवर त्याचा अर्धा दिवस कामाचा आणि साडेसहा दिवस बेकारीचे. माणूस तोच, आठवडा तोच.

देशाच्या पातळीवर हा फरक किती पडतो ते जुन्या फेऱ्यांत दिसतं. २०११-१२ मध्ये नेहमीच्या स्थितीने, दुय्यम काम धरून, बेकारी २.२ टक्के. साप्ताहिकने ३.७. दैनिकने ५.६. त्याआधी २००४-०५ मध्ये २.३, ४.४ आणि ८.२. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यामधलं जे अंतर आहे, त्यात मुख्यतः तुमचे तुटक बेकारीवाले आहेत.

आता बातम्यांत येतो तो मासिक आकडा साप्ताहिक पट्टीचा. वार्षिक अहवालाच्या मथळ्यात नेहमीची स्थिती असते, २०२३-२४ ची ३.२ टक्के. त्याच वर्षाचा साप्ताहिक ४.९. दैनिक दर मथळ्यात येतच नाही. मला ही सगळ्यात मोठी हानी वाटते. शेतमजुरांच्या जिल्ह्यांसाठी तीच पट्टी सर्वांत खरी होती.

एक चांगलं मात्र झालंय. जानेवारी २०२५ पासून निवडलेल्या घरात सलग चार महिने चार वेळा जातात, ग्रामीण भागातसुद्धा. पूर्वी खेड्यात एकदाच जायचे. म्हणजे एप्रिलमध्ये बेकार असलेली बाई मेमध्ये कामावर होती आणि जूनमध्ये पुन्हा रिकामी, हे निदान कच्च्या माहितीत तरी दिसू शकेल.

---

केळीबाग रावेर – २० जून, सकाळी ७.०२

नाना +१. साडेसहा दिवस आणि शून्य दिवस! हे पहिल्यांदा समजलं.

एक शंका. बाहेरच्या देशांत जिथे बेकारी भत्ता खरंच दर आठवड्याला मिळतो, तिथे हे तुटण्याचं कसं करतात?

---

सावदा ते न्यूजर्सी – २० जून, सकाळी ८.३०

याचं उत्तर मी देतो, इथे माझ्या ओळखीतले बरेच जण यातून गेलेत.

अमेरिकेत कामगार खातं दर गुरुवारी सकाळी दोन आकडे देतं. एक, आधीच्या शनिवारी संपलेल्या आठवड्यात दाखल झालेले प्रारंभिक दावे. दोन, चालू दावे, म्हणजे आठवडाभर बेकार राहून त्या आठवड्याचा भत्ता मागणारे. हा दुसरा आणखी एक आठवडा मागचा असतो.

तुटलेल्या दाव्याचे दोन प्रकार करतात आणि सगळी गंमत त्यात आहे. समजा एक जण जानेवारीत गोदामातून कमी झाला. दावा केला, तो नवा दावा, आणि पुढचं साधारण वर्षभर त्याचं लाभवर्ष. मार्चमध्ये दुसरीकडे काम लागलं, महिन्याभरात सुटलं, तो परत आला. लाभवर्ष तेच, पण मध्ये नोकरी झाली होती. हा अतिरिक्त दावा. तो प्रारंभिक दाव्यांत पुन्हा धरतात, कारण कामावरून सुटण्याची ही नवी घटना आहे. एका वर्षात एकच माणूस त्या आकड्यात असा दोनदा, तीनदा येऊ शकतो.

दुसरा प्रकार: मध्ये नोकरी नव्हतीच. आजारी होता, आई वारली म्हणून गावी गेला, किंवा दर आठवड्याची हजेरी भरायची राहिली. आठवडा किंवा जास्त खंड पडला आणि परत सुरू केलं. हा पुन्हा उघडलेला दावा. तो प्रारंभिक दाव्यांत धरत नाहीत, कारण नोकरी नव्याने गेलेली नाही. चालू दाव्यांत मात्र तो ज्या आठवड्यांसाठी हक्क मागेल त्या आठवड्यांत येतो.

म्हणजे प्रश्न एकच विचारतात: खंड कशामुळे पडला? कामामुळे, की इतर कारणाने?

यातही घोळ झालाच. २०२० मध्ये कोविडच्या काळात लोकांचे अर्ज महिनोन्‌महिने तुंबले. मग एकाच माणसाने मागच्या अनेक आठवड्यांचे हक्क एकदम मागितले, आणि ते त्या आठवड्याच्या आकड्यात तितक्या वेळा मिळवले गेले. वृत्तपत्रं त्याला 'इतके लोक भत्त्यावर' म्हणत राहिली. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितलं की हे आकडे म्हणजे वेगवेगळी माणसं नव्हेत, आणि खात्याने साप्ताहिक पत्रकात तसं स्पष्ट लिहावं.

इथेही बेरोजगारीचा दर दाव्यांवरून काढत नाहीत बरं का. तो सुमारे ६० हजार घरांच्या मासिक पाहणीतून येतो आणि तिथेही आठवड्यात पगारी एक तास काम केलं की माणूस रोजगारात.

---

केळीबाग रावेर – २० जून, सकाळी ९.१५

भाऊ, फार नीट सांगितलं. मग आपल्या जळगाव एमआयडीसीतल्या कामगारांना असं काही आहे का? चटई, पाइप, डाळ मिल यांत कंत्राट बदललं की महिना-दोन महिने घरीच असतात.

---

भुसावळ जंक्शन – २० जून, दुपारी १.२०

आहे, ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत. २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आणि १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. अटल योजनेत आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस. आधी सरासरी मजुरीच्या २५ टक्के होतं, कोविडमध्ये ५० टक्के केलं. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेलेच ईएसआयत येतात.

अट अशी की नोकरी जाण्याआधीच्या लगतच्या अंशदान काळात निदान ७८ दिवसांचं अंशदान हवं. हे काळ सहा-सहा महिन्यांचे, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. ज्याचं काम तुटक त्याचे ७८ भरतीलच असं नाही. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा बेकार होणारा माणूसच अपात्र ठरतो. तो दावा करत नाही आणि दाव्यांच्या आकड्यात येत नाही.

आणि जिनिंगवाल्यांचं तर नावच काढू नका. ईएसआय कायदा हंगामी कारखान्यांना लागू नाही, आणि फक्त सरकी काढायचा, गठाणी बांधायचा कारखाना हा त्या व्याख्येत नाव घेऊन घातलेला आहे. शेंगदाणे फोडण्याचा आणि साखरेचाही. आपल्याकडचे हंगामी कारखाने पाहिले तर या यादीतलेच निघतील.

---

केळीबाग रावेर – २० जून, दुपारी १.४०

जिनिंगचं माहीतच नव्हतं. आमच्या भागातली कितीतरी पोरं दिवाळीनंतर तिथेच असतात.

---

धडगावची लेक – २० जून, रात्री ८.५०

वाचत होते. आता आमच्या डोंगरातलं लिहिते, कारण तिकडे ईएसआय वगैरे काही नाही. तिकडे बेकारी भत्ता म्हणजे रोहयोचा, मनरेगाच्या कलम ७ चा.

कायदा वाचला तर फार चांगला आहे. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता. पहिल्या ३० दिवसांना मजुरीच्या निदान एक चतुर्थांश, पुढे वर्षभरात निदान अर्धा. २०२५-२६ मध्ये आपल्या राज्याची मजुरी ३१२ रुपये, म्हणजे रोजी ७८ आणि मग १५६. देय झाल्यापासून १५ दिवसांत हातात पडायला हवा.

खंड पडला तर काय, हेही कायद्यात आहे. दिलेलं काम नाकारलं, बोलावल्यावर १५ दिवसांत हजर झाला नाही, किंवा न विचारता सलग आठवड्याहून जास्त, अथवा एका महिन्यात मिळून आठवड्याहून जास्त गैरहजर राहिला, तर त्याला तीन महिने भत्ता नाही. काम मात्र तो केव्हाही मागू शकतो. न्यूजर्सीच्या दादांनी सांगितलेला 'खंड कशामुळे' हा प्रश्न इथेही आहेच. फरक एवढा की तिथे त्यावरून मोजणी ठरते आणि इथे शिक्षा.

आणि प्रत्यक्षात? मजूर ग्रामपंचायतीतल्या रोजगार सेवकाकडे जातो, तोंडी सांगतो. नमुना ४, म्हणजे काम मागणीचा अर्ज, भरला जात नाही, भरला तरी तारखेची पावती हातात देत नाहीत. काम निघालं, मस्टर निघालं, की त्या दिवसाची किंवा आदल्या दिवसाची मागणी संगणकात चढवतात. कागदावर मागणी आणि काम यांत एक-दोन दिवसांचं अंतर. पंधरा दिवस कधी उलटतच नाहीत. भत्त्याच्या अहवालात शून्य. आमच्या शेजारची एक बाई म्हणाली तेच सगळ्यांचं आहे: "काम मांगं ते मांगं, पावती काय भेटनी नही."

हे फक्त आमच्याच तालुक्यात नाही. कॅगच्या २०१३ च्या मनरेगा अहवालात तारखेच्या पावत्या न देणं आणि भत्ता न देणं या दोन्ही गोष्टी आहेत. कारणही उघड आहे. अकुशल मजुरी केंद्र देतं, बेकारी भत्ता राज्याने स्वतःच्या खिशातून द्यायचा. मागणीची खरी तारीख लिहिली की राज्याचा खर्च सुरू.

---

भुसावळ जंक्शन – २० जून, रात्री ९.३५

ताई, दुसरी बाजूही धरा. मी ग्रामपंचायतीचं काम जवळून पाहिलंय. बरेच जण मागणी करतात आणि मस्टर निघायच्या आत कापूस वेचायला, नाहीतर बारडोलीकडे ऊस तोडायला जातात. सेवक फोटो काढायला उभा आणि माणसं नाहीत, मस्टर झिरो. हजेरीच्या एनएमएमएस ॲपवर दिवसातून दोनदा फोटो चढवायचा, नेटवर्क नाही, तरी जबाब त्यालाच विचारतात. अशा मागणीची तारीख आधी चढवली तर पंधरा दिवसांनी भत्ता निघेल, तोही मजूर दुसरीकडे कमावत असताना. शून्याचं खापर सगळं सेवकावर फोडू नका.

---

धडगावची लेक – २० जून, रात्री १०.०५

सेवकावर नाही फोडत. त्याच्या मानधनाची आणि वरच्या दबावाची कल्पना आहे मला. पण दादा, तुम्ही सांगता त्यासाठी कायद्यात सोय आहे. मजुराला कामावर बोलावलं की भत्त्याची जबाबदारी संपते. मागितलेला काळ संपला आणि घरातलं कुणी आलंच नाही, तरी संपते. म्हणजे जो ऊस तोडायला गेला त्याला भत्ता मिळणारच नव्हता. त्यासाठी खरी तारीख लपवायची गरज नाही. खरी तारीख लिहा, बोलावल्याची नोटीस लिहा, आला नाही तर तसं लिहा. मग तुटलेली मागणी कशामुळे तुटली हे दिसेल.

---

तापीकाठ – २० जून, रात्री ११.२०

लेकीच्या या शेवटच्या वाक्यावरच मला यायचं होतं.

न्यूजर्सीच्या भाऊंनी सांगितलेली पद्धत अचूक आहे असं नाही. एकाच माणसाला दोनदा मोजते, कोविडमध्ये फुगलीसुद्धा. पण तिथे प्रत्येक खंडाला एक ओळ आहे. कुणीही संशोधक बसून म्हणू शकतो की यात इतके नवे, इतके अतिरिक्त, आणि लेखापरीक्षक म्हणू शकतो की हे चुकतंय. फुगलेला आकडा दुरुस्त करता येतो. आपल्या भत्त्याच्या अहवालातला शून्य दुरुस्त करायला त्यामागे काही लिहिलेलंच नाही.

आणि त्या शून्याचा पुढे वापर होतो. भत्ता शून्य म्हणजे मागेल त्याला वेळेत काम मिळतंय, मागणीच कमी आहे, म्हणजे निधी कमी लागेल, म्हणजे शेल्फवर (तयार कामांच्या यादीत) कामं कमी ठेवली तरी चालेल. आमच्याकडे मस्टर संपल्यावर पुढचं काम मंजूर नसतं, त्याची सुरुवात इथून आहे. ज्या राज्यात वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमी उभी राहिली, जिथे तिचा कायदा १९७७ सालचा आहे आणि केंद्राच्या १०० दिवसांपलीकडेही काम देण्याची हमी आहे, तिथे मागणीची तारीख लिहिली जाऊ नये हे मला फार लागतं.

नाना, एक विचारायचं होतं. आमच्या अक्कलकुवा-धडगावची कुटुंबंच्या कुटुंबं दिवाळीनंतर घराला कुलूप लावून जातात. पाहणीवाले त्या महिन्यांत आले तर?

---

धुळेकर नाना – २१ जून, सकाळी ६.५०

कुलूप असलेल्या घरात प्रश्न विचारायचा कुणाला? त्या घरातली माहिती त्या भेटीत मिळत नाही. घरातली म्हातारी माणसं मागे असतील तर गेलेल्यांची माहिती त्यांच्याकडून मिळू शकते, पण तात्पुरता बाहेर गेलेला घरचा धरायचा की नाही हे किती महिन्यांसाठी गेलाय यावर ठरतं. त्यामुळे मी नेहमी सांगतो, नंदुरबारच्या बाबतीत ज्या महिन्यांत लोक गावात असतात त्या महिन्यांच्या आकड्यांकडे जास्त बघा.

भुसावळच्या दादांना एक सांगतो. माणूस दुसरीकडे कमावतो म्हणून त्याची आधीची बेकारी खोटी होत नाही. पंधरा दिवस तो रिकामा होता, ते पंधरा दिवस झालेले आहेत. पुढे तो बारडोलीला गेला ती पुढची नोंद.

---

भुसावळ जंक्शन – २१ जून, सकाळी ८.१०

नाना, हे पटलं. दोन नोंदी वेगळ्या ठेवल्या तर सेवकालाही स्वतःची बाजू मांडता येईल, आज त्याच्याकडेही कागद नसतो.

आता सांगा, मजुराने करायचं काय? मस्टर दर आठवड्याला संपतं, दर वेळी अर्ज?

---

तापीकाठ – २१ जून, सकाळी ९.००

आमच्या गटात आम्ही असं करतो.

कामाची मागणी लेखी, नमुना ४ वर, साधारणपणे निदान १४ दिवस सलग कामाची. आगाऊ आणि एकापेक्षा जास्त अर्ज करता येतात, फक्त त्यांचे कालावधी एकमेकांवर चढायला नकोत. म्हणून मस्टर संपायची वाट न बघता पुढच्या कालावधीचा अर्ज आधीच देऊन ठेवायचा. मग मधली फट आपोआप कागदावर येते: या तारखेपासून मागितलं, या तारखेला मिळालं.

अर्ज एकत्र द्यायचा, दहा-पंधरा जणांचा. प्रत्येकाचा जॉब कार्ड क्रमांक. पावतीवर तारीख आणि सही मागायची. ग्रामपंचायतीत घेत नसतील तर पंचायत समितीत कार्यक्रम अधिकाऱ्याकडे अर्ज करायचाही हक्क आहे, तिथल्या आवकचा शिक्का घ्यायचा.

कामाच्या मध्ये आजारपण, बाळंतपण, मयत असं काही आलं तर सेवकाला लेखी कळवायचं. न कळवता आठवड्याहून जास्त गेलं की तीन महिन्यांचा भत्ता जातो, हे बायकांना बहुतेक कुणी सांगितलेलंच नसतं.

मस्टर चालू असताना दुसरीकडे मजुरी मिळाली तर जरूर जा, पण ते दिवस वहीत लिहून ठेवा.

---

धडगावची लेक – २१ जून, सकाळी ९.४०

ताई, अर्जात भत्त्याचं वाक्य कसं लिहिता? आमच्याकडे बाया विचारतात आणि मला कायद्याच्या भाषेत लिहिता येत नाही.

---

तापीकाठ – २१ जून, सकाळी ९.५५

कायद्याची भाषा नको. आम्ही एवढंच लिहितो:

"मी दिनांक अमुक ते अमुक या काळासाठी दिनांक अमुक रोजी कामाची मागणी केली. आजपर्यंत १५ दिवस होऊन गेले, मला काम मिळाले नाही व कामावर बोलावल्याची सूचनाही मिळाली नाही. तरी १६ व्या दिवसापासूनचा बेकारी भत्ता मला द्यावा. मागणीच्या पावतीची प्रत जोडली आहे."

खाली अंगठा किंवा सही, जॉब कार्ड क्रमांक, आणि दोन प्रती. एक त्यांना, एक शिक्का घेऊन आपल्याकडे. पावतीची प्रत नसेल तर शेवटचं वाक्य काढून टाका, पण बाकी अर्ज द्याच. पेरणीची कामं उरकली की जुलैअखेर आम्ही शहाद्यात असे अर्ज भरायला बसणार आहोत, धडगावहून कुणी यायचं असेल तर मला संदेश टाक.